दुकानातील जुना संगणक आणि मोफत कार्यप्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ला नियमित आधार देणे थांबवले. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या राम आळीत दुकाने उघडली तेव्हा बिले पूर्वीसारखीच निघाली. त्यामुळे झालेला बदल पुष्कळांच्या लक्षातही आला नाही. परंतु सुरक्षेतील त्रुटी बुजवणारी जी दुरुस्ती दरमहा विनामूल्य येत असे, ती थांबली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते. त्यानंतर मात्र ज्या संगणकावरून पेढीचे नेटबँकिंग चालते, तो संगणक दाराला कुलूप नसलेल्या गोदामासारखा होईल.

‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणपणे २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. चांगले चालणारे कित्येक जुने संगणक या अटीत बसत नाहीत. अशा वेळी नवा संगणक घेणे हा एक मार्ग आहे. बाजारातून विनापरवाना प्रत टाकून घेणे हा दुसरा मार्ग सर्रास वापरला जातो. पण तो कायद्यात बसत नाही आणि अचौर्याचे अणुव्रत मानणाऱ्या घरात शोभतही नाही. तिसरा मार्ग मोफत मिळणाऱ्या लिनक्सचा. संगणकाचे शिक्षण नसलेल्या गृहस्थाला, मुनीमाला किंवा गृहिणीला तो झेपेल काय, हा खरा प्रश्न आहे.

मोफत आणि मुक्त

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ‘लिनक्स’चा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून आजच्या मुक्त कार्यप्रणाली उभ्या राहिल्या. उबंटू २००४ मध्ये आली आणि लिनक्स मिंट २००६ मध्ये. येथे ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ केवळ फुकट असा नाही. जिची खतावणी कोणालाही तपासता येते, चूक आढळल्यास दुरुस्त करता येते आणि जिची नक्कल दुसऱ्याला देता येते, अशी ही प्रणाली आहे. त्यामुळे एकच प्रत दहा संगणकांवर चढवली तरी परवान्याचा भंग होत नाही.

लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणे, ही समजूत आता जुनी झाली आहे. लिनक्स मिंटचा पडदा विंडोजच्या सवयीला जवळचा आहे. खाली पट्टी असते, कोपऱ्यात मेनू असतो आणि चिन्हावर क्लिक केले की काम सुरू होते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस त्यात आधीच असतात. चार जीबी मेमरीच्या संगणकावरही ती समाधानकारक चालते.

न्यायालयांचा अनुभव

याचे मोठे उदाहरण रत्नागिरीकरांना दूर शोधावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबंटू लिनक्स स्वीकारली आहे. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी ‘सीआयएस’ प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्त तंत्रज्ञानावरच विकसित केली. न्यायालयातील लिपिक, लघुलेखक आणि खुद्द न्यायाधीश हे काही संगणक अभियंते नव्हेत. तरीही दाव्याची नोंद, पुढील तारीख आणि निकालपत्र ही कामे या प्रणालीवर होतात. केरळमध्ये ‘काइट’ या शासकीय संस्थेमार्फत शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्त प्रणाली पोहोचली आणि सामान्य शिक्षक ती वर्गात वापरतात.

मात्र या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. वापरणाऱ्याला नुसता संगणक देऊन कोणी मोकळे झाले नाही. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण मिळाले, अडचण आल्यास विचारायला माणूस नेमला गेला आणि लागणारे सॉफ्टवेअर त्याच प्रणालीसाठी तयार केले गेले. जर्मनीतील म्युनिक शहराची कथा याच्या दुसऱ्या बाजूची आहे. त्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. परंतु इतर कार्यालयांच्या कागदपत्रांशी मेळ बसत नसल्याच्या तक्रारी होत राहिल्या, राजकीय नेतृत्वही बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरले. प्रणाली चांगली असली तरी भोवतालचे जग कोणत्या प्रणालीवर चालते, याचा विचार करावाच लागतो.

पेढीवरची कसोटी

व्यापाऱ्याच्या भोवतालचे जग म्हणजे टॅली, जीएसटी, बँक आणि प्रिंटर.

टॅलीप्राइम हे विंडोजसाठीच तयार केलेले सॉफ्टवेअर आहे. मधल्या साधनांच्या आधारे ते लिनक्सवर चालवून दाखवणारे लोक आहेत. परंतु वर्षभराची खतावणी अशा तडजोडीवर सोपवणे व्यवहारात बसत नाही. आर्थिक वर्षअखेरीस काही अडले, तर कंपनीचा सेवा प्रतिनिधी हात वर करेल. म्हणून टॅलीचा संगणक विंडोजवरच असावा आणि तोही अधिकृत, आधार चालू असलेल्या विंडोजवर.

जीएसटीचे संकेतस्थळ, ई-वे बिल आणि नेटबँकिंग ही कामे ब्राउझरमधून होतात. तेथे लिनक्स आणि विंडोज यांत फरक पडत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. जीएसटीचे ऑफलाइन साधन विंडोज आणि एक्सेलवर अवलंबून आहे. तसेच जेथे डिजिटल सही लागते, तेथे तिचे टोकन लिनक्सवर ओळखले जाते की नाही, हे आधी पाहावे लागते. एक्सेलच्या साध्या फायली लिबरऑफिसमध्ये नीट उघडतात. मॅक्रो असलेल्या फायली मात्र बिघडू शकतात.

प्रिंटरची गोष्ट कंपनीनुसार बदलते. एचपीचे बहुतेक प्रिंटर विनासायास जोडले जातात. अनेक दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र खटपट करायला लावतो. मराठी युनिकोड टाइपिंगची सोय प्रणालीतच आहे. परंतु श्रीलिपीत टाइप केलेली जुनी निमंत्रणे आणि पत्रे तशीच वाचता येतील, असे धरून चालू नये.

आणखी एक अडचण माणसांची आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी करून नोकरीला लागलेल्या पिढीचा हात विंडोजवर बसला आहे. दुरुस्तीला येणारे बहुतेक कारागीरही विंडोजचेच जाणकार असतात. आंब्याच्या हंगामात माल रवाना होत असताना संगणक अडला आणि फोन केल्यावर येणारा कोणी नसला, तर वाचलेले पैसे एका दिवसात निघून जातात.

घरात मात्र वेगळा हिशोब

घरातील संगणकाचे काम निराळे असते. बँकेचे विवरण पाहणे, वीजबिल भरणे, मुलांचा अभ्यास, प्रवचन ऐकणे, छायाचित्रे जपणे आणि परगावच्या नातवंडांशी बोलणे, एवढेच बहुधा असते. ही सर्व कामे लिनक्स मिंटवर सुखाने होतात. जो माणूस तंत्राच्या फंदात पडत नाही, त्याला उलट ती अधिक सोयीची वाटते, कारण तिला विषाणूंचा उपद्रव तुलनेने कमी होतो. अर्थात ओटीपी मागणाऱ्या भामट्यापासून कोणतीही प्रणाली वाचवत नाही.

दुकानातही दुसरा संगणक असेल, तर पत्रव्यवहार आणि ई-मेल यांसाठी तो लिनक्सवर नेता येतो. टॅलीची सेवा-वर्गणी चालू असल्यास मालकाला त्याच ब्राउझरमधून टॅलीचे अहवालही पाहता येतात.

बदल करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. दुसरी, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावी. तशी ती चालवताना संगणकातील विंडोजला धक्का लागत नाही. प्रिंटर, वाय-फाय आणि मराठी टाइपिंग यांची परीक्षा तेव्हाच होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, अडचणीच्या वेळी मदतीला येईल असा एक माणूस आधी ठरवावा. तो घरातील महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी असली तरी चालेल.

संगणकाचे ज्ञान नसणे ही लिनक्सच्या मार्गातील खरी अडचण नाही. न्यायालयातील लिपिकांनी हे दाखवून दिले आहे. काम कोणते आणि अडल्यास विचारायचे कोणाला, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निर्णय सोपा होतो. हिशोबाच्या संगणकासाठी रीतसर परवान्याचा खर्च करावा, आणि कोपऱ्यात पडलेल्या जुन्या संगणकाला भंगारात घालण्यापूर्वी एक संधी द्यावी.