ताऱ्यांवरची राज्ये : लेखांक ७ – तरफदार

गेल्या आठवड्यात आपल्या कल्पित परग्रहवासीयांचे पहिले जहाज शेजारच्या ताऱ्याच्या ग्रहावर उतरले. पाणी सापडले, निवारे उभे राहिले, पहिले पीक हाती आले. मायग्रहावरच्या दरबारात नकाशा नव्याने रंगवण्यात आला आणि राज्याचे साम्राज्य झाले. वाचकांपैकी अनेकांना आता लढायांची ओढ लागली असेल. लढाया येतीलच. पण त्याआधी एका साध्या प्रश्नाचा निकाल लावायला हवा: त्या दूरच्या ग्रहावर हुकूम कोणाचा चालणार?

हा प्रश्न अंतराचा आहे. प्रकाशाहून जलद निरोप धाडण्याचा मार्ग भौतिकशास्त्राला ठाऊक नाही. आपला शब्द चंद्रावर सव्वा सेकंदात पोहोचतो. मंगळावर पोहोचायला, तो कक्षेत कुठे आहे त्यानुसार, ३ ते २२ मिनिटे लागतात. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर १ कडे धाडलेल्या आज्ञेला २३ तासांहून जास्त वेळ लागतो, आणि ती मिळाल्याचे उत्तर यायला पुन्हा तेवढाच. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या परग्रहवासीयांचा शेजारीही तितकाच दूर आहे असे धरू. म्हणजे वसाहतीने आज अर्ज केला, दरबाराने तो त्याच दिवशी मंजूर केला, तरी मंजुरी हातात पडायला साडेआठ वर्षे. तोवर अर्ज ज्या पिकासाठी होता त्याच्या पुढची सात-आठ पिकेही निघून गेलेली असतील.

आयझॅक अझिमॉव्ह यांना हे ठाऊक होते. त्यांच्या 'फाउंडेशन' मालिकेतली पहिली कथा १९४२ साली आली. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा गिबनचा ग्रंथ त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि आकाशगंगेएवढे राज्य कथेत चालवायचे म्हणून त्यांनी जहाजांना प्रकाशाच्या मर्यादेपलीकडे उडी मारण्याची सोय करून दिली. मला त्या कथेत सगळ्यांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. एवढी सोय असूनही कडेच्या प्रांतात अनाक्रिऑनचा सुभेदार राजा होऊन बसतोच. अंतर पुसून टाकल्यावरही तो फुटतो. मग त्याला फोडते काय?

याचे उत्तर शोधायला मला सोलापूर जिल्ह्याबाहेर जावे लागले नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठचा आपला भुईकोट किल्ला बहमनी काळातला. त्याचे दुहेरी तट आणि बुजत चाललेला खंदक आपण गड्ड्याच्या जत्रेला जाता-येता पाहतो. हा किल्ला कधीही कोणत्याही साम्राज्याच्या मधोमध नव्हता. विजापूर इथून शंभर किलोमीटरच्या आसपास, कलबुर्गी (जुने गुलबर्गा) त्याहून थोडे लांब, बिदर आणि अहमदनगर आणखी पलीकडे. राजधान्या भोवताली आणि सोलापूर कायम कडेवर. साम्राज्य काय असते हे कडेवरून नीट दिसते, असे माझे मत आहे.

बहमनी राज्याचा जन्मच एका कडेचा. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेला हलवून दख्खन मुठीत ठेवू पाहिली. वीस वर्षांत, १३४७ साली, दख्खनच्या सरदारांनीच बंड करून हसन गंगूला गादीवर बसवले. दिल्लीपासून फुटून निघालेल्या या राज्याने मग आपल्या मुलखाच्या चार तरफा केल्या: गुलबर्गा, दौलताबाद, बिदर आणि वऱ्हाड. प्रत्येकीवर एक तरफदार. वसूल तोच गोळा करी, फौज तोच बाळगी, किल्ल्यांवर माणसे तोच नेमी.

हा शब्द आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे. तरफ म्हणजे बाजू. एखाद्या संस्थेच्या 'तर्फे' सभेचे निमंत्रण येते ते याच शब्दातून, आणि जुन्या जमीनदफ्तरात गावाच्या नावापुढे 'तर्फ' लिहिलेले आढळते तेही याच शब्दाचे. तरफदार म्हणजे सुलतानाच्या बाजूने, त्याच्या तर्फे कारभार पाहणारा. आता हा माणूस स्वतःच्या तर्फे कधी बोलू लागतो, यात साम्राज्याचा सगळा राजकीय इतिहास साठलेला आहे.

त्यासाठी मंगळवेढ्याला जाऊ. दामाजीपंतांची कथा इथल्या घराघरात माहीत आहे, तरी ती कारभाराची कथा म्हणून आपण फारशी वाचत नाही. मंगळवेढे बिदरच्या बहमनी बादशहाच्या अमलात, दामाजीपंत तिथले अंमलदार. दुष्काळ पडतो, माणसे अन्नावाचून मरू लागतात, आणि सरकारी धान्याची कोठारे मात्र भरलेली. बिदरला घोडेस्वार धाडून परवानगी आणायची तर जाऊन-येऊन आठवडा तरी मोडणार, आणि तिथून होकार येईल याची खात्री नाही. पंत कोठारे खुली करतात. चुगली बिदरला पोहोचते, पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटतो. तेव्हा भक्तासाठी पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची सगळी रक्कम भरतो आणि पावती घेतो.

भक्तीची कथा म्हणून ती अपार सुंदर आहे. त्यात कडेवरच्या माणसांचा अनुभवही गोठलेला आहे. या मुलखाला बिदरची आठवण राहिली ती वसुलीची, कैदेच्या हुकमाची आणि पावतीची. ज्याने कोठार उघडले त्याचे मात्र देऊळ झाले. दामाजीपंतांनी राज्य मागितले नाही, त्यांच्या मनात बंडाचा विचारही नव्हता. तरीही त्या एका दिवशी मंगळवेढ्यात बादशहाचा शब्द मागे पडला आणि समोरच्या माणसाचा शब्द पुढे आला.

फुटीची सुरुवात आपण नेहमी महत्त्वाकांक्षेत शोधतो. कोणी एक सरदार गर्विष्ठ होतो, झेंडा बदलतो, अशा गोष्टी लिहायला सोप्या असतात. मला वाटते, सुरुवात कोठारापाशी होते. आपल्या कल्पित ग्रहावर एक वर्ष पीक बुडाले, आणि मायग्रहासाठी राखून ठेवलेले धान्य तिथल्या अंमलदाराच्या ताब्यात आहे. तिथे परवानगीला आठवडा नव्हे, साडेआठ वर्षे लागतात. विचारत बसला तर विचारण्याजोगे कोणी उरणार नाही. त्याला कुलूप काढावेच लागेल. जी मुले त्या धान्यावर जगली ती मोठी होतील तेव्हा त्यांच्या लेखी सरकार म्हणजे तो माणूस. मायग्रहाचा सम्राट त्यांनी पाहिलेलाही नसेल. त्याचा निरोप येईल तोही चार वर्षे शिळा.

बहमनी दरबारात हा धोका ज्याला सर्वांत आधी नेमका कळला तो महमूद गवान. इराणातल्या गिलानहून आलेला हा व्यापारी तिसऱ्या महंमदशहाचा वजीर झाला. बिदरला त्याने १४७२ साली बांधलेल्या मदरशाचा मनोरा आणि निळ्या फरशांचे तुकडे आजही पाहायला मिळतात. राज्य कोकण-गोव्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरले होते आणि चारच तरफदार अवाढव्य मुलूख सांभाळत होते. गवानने चाराच्या आठ तरफा केल्या. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाची माणसे नेमली. जमिनीची मोजणी करवली, म्हणजे वसूल किती यायला हवा हे तरफदाराला विचारण्याची गरज राहू नये. साम्राज्य टिकवण्याचा याहून विचारी प्रयत्न दख्खनमध्ये त्या शतकात झाला नाही.

ज्यांचे किल्ले गेले ते गप्प बसले नाहीत. गवानचा शिक्का उमटवलेल्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला फितुरीचे आमंत्रण लिहिले गेले आणि ते सुलतानापुढे ठेवले. नशेतल्या सुलतानाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करवला. खोटेपणा उघड झाला तो नंतर. सुलतान पुढच्याच वर्षी गेला. १४९० पर्यंत विजापूरला यूसुफ आदिलखान, जुन्नरला मलिक अहमद, वऱ्हाडात इमाद-उल-मुल्क स्वतःच्या तर्फे राज्य करू लागले. यूसुफ हा गवानचाच माणूस. खुद्द बिदर बरिदांच्या हातात गेले आणि गोवळकोंडाही पुढे वेगळा झाला.

लांबचे राज्य कागदावर आणि शिक्क्यावर चालते. समोरासमोर बोलावून विचारणे शक्य नसते तेव्हा कागद आणणाऱ्याचे वजन वाढते. गवान तर राज्यातच होता, खऱ्याखोट्याची नीट चौकशी करता आली असती, तरीही ती झाली नाही. ताऱ्यांमधल्या राज्यात तर एका प्रश्नाचे उत्तर मिळायलाही साडेआठ वर्षे थांबावे लागेल. तिथल्या दरबारात संदेशाची खूणगाठ सांभाळणारा कारकून सेनापतीपेक्षा मोठा असेल. आपल्या परग्रहवासीयांच्या नवव्या पिढीत जो कट शिजणार आहे, तो म्हणूनच मी फौजेत न ठेवता संदेशखात्यात ठेवला आहे.

तरफदारांची राज्ये झाली आणि सोलापूरच्या वाट्याला सीमेचे जिणे आले. किल्ला आणि भोवतालचे साडेपाच परगणे हा विजापूर-अहमदनगर यांच्यातला कायमचा तंटा झाला. तो मिटवायला लग्ने झाली. १५२४ च्या सुमारास इस्माइल आदिलशहा आणि बुऱ्हाण निजामशहा सोलापुरात भेटले. इस्माइलची बहीण मरियम बुऱ्हाणला दिली गेली, आणि सोबत सोलापूर मिळणार असे ठरले. वधू अहमदनगरला गेली, किल्ला विजापूरकडेच राहिला, लढाई जुंपली. पुढे विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन बुऱ्हाणने तो लढून मिळवला. चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले तेव्हा तोच किल्ला आंदण म्हणून विजापूरला परतला, आणि या सोयरिकीने जुळलेल्या फौजा जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या रणात रामरायावर चालून गेल्या. दोन वेळा आंदणात बोललेला असा दुसरा किल्ला मला माहीत नाही. त्या दोन मुलींनी काय सोसले असेल याबद्दल इतिहास फार थोडे बोलतो. चांदबिबीचे नाव उरले ते तिने नंतर अहमदनगर लढवले म्हणून.

१६३६ च्या तहात निजामशाही संपली आणि मोगल-आदिलशाही वाटणीत सोलापूर विजापूरकडे राहिले. १६६८ मध्ये ते मोगलांना द्यावे लागले. इथून जी गोष्ट सुरू होते ती आपल्या लेखमालेच्या फार कामाची आहे.

सुभेदारांवर विश्वास नाही आणि तह टिकत नाहीत, अशा वेळी सम्राटापुढे एकच उपाय उरतो: स्वतः कडेवर जाऊन बसणे. औरंगजेबाने तेच केले. १६८१ मध्ये तो दख्खनेकडे निघाला. १६८५ मध्ये त्याचा तळ सोलापुरात होता, पुढल्या वर्षी विजापूर पडले, त्याच्या पुढल्या वर्षी गोवळकोंडा. नकाशावर मोगल साम्राज्य इतके मोठे आधी कधीच नव्हते. आणि १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे त्या साम्राज्याचा कारभार मंगळवेढे तालुक्यातून चालला.

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाताना भीमेच्या काठी माचणूर लागते. सिद्धेश्वराचे देऊळ, नदीत उतरणारा घाट, आणि जवळच पडक्या किल्ल्याच्या भिंती. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाने इस्लामपुरी नाव दिले होते. दुपारी घाटावर सावली शोधत बसलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही की काबूलपासून बंगालपर्यंतचे कागद सहीसाठी इथे येत होते. जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाने १६९५ मध्येच, तळ थोडा दक्षिणेला गलगल्याला असताना, ही छावणी पाहिली. तिचा घेर त्याने ३० मैल लिहून ठेवला आहे. चालते-फिरते शहरच ते, बाजारपेठांसकट. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला महापूर आला तेव्हा या तंबूंच्या राजधानीत हाहाकार उडाला.

कडेवरचा किल्ला सम्राटाला स्वतः जाऊन घेता येतो. पण तो निघून गेल्यावर जिथे तो नसतो ती प्रत्येक जागा कड होते. दिल्ली, आग्रा, ढाका, सगळ्यांच्या दृष्टीने आता बादशहा दूर होता. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला, उत्तरेला परतलाच नाही. त्यानंतर वीस वर्षांच्या आत बंगालमध्ये मुर्शिद कुलीखान आणि हैदराबादेत निजाम-उल-मुल्क जवळजवळ स्वतंत्र झाले. तरफदार हा शब्द सरून सुभेदार आला होता, एवढाच फरक.

१६९९ च्या ऑक्टोबरात ऐंशी ओलांडलेला औरंगजेब घरची माणसे आणि वजीर ब्रह्मपुरीला ठेवून स्वतः साताऱ्याच्या मोहिमेवर निघाला. आपल्या कथेतला सम्राटही आता जहाजात बसतो आहे. शेजारच्या ताऱ्यावरच्या दामाजीला त्याला समक्ष भेटायचे आहे. जहाज प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाते, आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार त्याच्या स्वतःच्या घड्याळात जायला सुमारे सात महिने आणि यायला तेवढेच लागतील. तिथे पोहोचून लगेच वळला तरी मायग्रहावर मात्र साडेआठ वर्षे उलटलेली असतील. तेवढी वर्षे शिक्का कोणाच्या हातात राहिला, ते पुढच्या आठवड्यात.