माळ्यावरचं जुनं पुस्तक वाचायचं की रद्दीत द्यायचं?

दोस्तांनो, तुमच्या घरात कुणी काका, मामा किंवा ताई अमरावती-अकोल्याकडे कॉम्प्युटर शिकले असतील, तर माळ्यावर जरा शोधा बरं! ‘लेट अस सी’ नावाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक कदाचित सापडेल. देशभरच्या मुलांनी ज्यावरून सी ही संगणकाची भाषा गिरवली, ते हे पुस्तक. आणि लेखक? आपल्या शेजारच्या नागपूरचे यशवंत कानेटकर!

सी भाषा घडवली अमेरिकेतल्या डेनिस रिची यांनी. ब्रायन कर्निघन यांच्यासोबत त्यांनी १९७८ साली तिचं पुस्तकही लिहिलं. पण ते थोडंफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांसाठी होतं. कानेटकरांनी अगदी पहिल्या पायरीपासून, सोप्या इंग्रजीत समजावलं.

पण जुनी प्रत आज वाचून उपयोग आहे का? चला, तपासूनच बघू.

समजा, एका जिनिंगमध्ये ४०० क्विंटल कापूस आला. किलो किती? ४०,०००. हेच गणित जुन्या प्रतीतल्या टर्बो सीवर साध्या ‘इंट’मध्ये केलं, तर उत्तर येतं उणे २५,५३६! आपलं पांढरं सोनं गेलं कुठं?

गंमत अशी, की टर्बो सीमध्ये ‘इंट’ला १६ बिट मिळत. बिट म्हणजे ० किंवा १ ठेवण्याची एक खोली. १६ खोल्यांत ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या बसतात. त्यातल्या निम्म्या उणे, म्हणून सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. त्यापुढे गेलं, की मोजणी गर्रकन फिरून उणे बाजूला जाते. ४०,००० मधून ६५,५३६ वजा करून बघा!

आजच्या कॉम्प्युटरवर ‘इंट’ला बहुधा ३२ बिट असतात. त्यात २१४ कोटींहून मोठी संख्या मावते, म्हणून उत्तर बरोबर येतं. म्हणजे जुन्या पुस्तकातला आकडा शिळा झाला. पण कारण? ते अजून ताजं आहे! २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाईल’ हे गाणं पाहिल्याची मोजणी २१४ कोटींपुढे गेली आणि यूट्यूबला ती ६४ बिटांत न्यावी लागली.

तेव्हा आमचं मत ऐका. पुस्तक जरूर वाचा, पण नुसतं पाठ करू नका. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः टाइप करून चालवा. जुन्या प्रतीतले ‘क्लिअरस्क्रीन’सारखे काही हुकूम आजचा कम्पायलर ओळखणार नाही. घाबरू नका! तो का अडला, हे शोधताना निम्मं सी येऊन जातं. ‘उत्तर काय येईल?’ आणि ‘चूक शोधा’ हे प्रश्न तर मुळीच सोडू नका. आधी वहीत उत्तर लिहा, मग कॉम्प्युटरला विचारा.

आई-बाबांनो, नवं विकत घ्यायचं तर नवी आवृत्तीच घ्या. मूल पाचवी-सहावीत असेल, तर आधी स्क्रॅच किंवा पायथॉन बरं. सी थोडं थांबेल. पण घरात जुनी प्रत असेल, तर रद्दीवाल्याला देऊ नका. किलोला मिळून मिळून किती मिळणार?

आणि दोस्तांनो, एक कोडं. टर्बो सीमध्ये ३२,७६७ मध्ये १ मिळवला, तर काय येईल? सांगा पाहू!