पॉलिश मशीनचा वेग किती ठेवायचा?

गाड्या धुण्याच्या कामाला पॉलिशची जोड देणाऱ्या गटांसाठी आजची माहिती.

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर केसापेक्षाही पातळ असतो. रोटरी मशीनचं पॅड जागच्या जागी गरगर फिरतं. वेग फार वाढवला की तिथं उष्णता साठते, थर जळतो. मग पुन्हा रंग द्यावा लागतो आणि कमाई त्यातच जाते.

म्हणून पॉलिश पसरवताना मिनिटाला साधारण ६०० फेरे, ओरखडे काढताना १००० ते १५००, शेवटी चमक आणताना पुन्हा १०००च्या आसपास ठेवा. मशीन सतत सरकवत राहा. कडांवर आणि प्लास्टिकच्या बंपरवर वेग कमीच हवा. मधूनमधून हात लावून पाहा: कोमट चालेल, चटका नको. आधी हातभर जागेवर करून बघा, मगच पुढे.