उपासाची भगर

हिंगोली जिल्ह्यात देवाधर्माला तोटा नाही. औंढ्याला नागनाथाचे ज्योतिर्लिंग आहे. नर्सी हे नामदेव महाराजांचे गाव. महाशिवरात्र आली की लोक औंढ्याची वाट धरतात. एकादशीला घरोघर उपास असतो. उपास म्हटला की भगर आली, आणि भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी आली.

हीच भगर कधी कधी माणसाला आडवे पाडते.

2024 सालचा फेब्रुवारी महिना आठवा. त्या महिन्यात दोन एकादशा आल्या, 6 तारखेला आणि 20 तारखेला. पहिल्या एकादशीला आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडी गावात धार्मिक कार्यक्रम होता. आसपासच्या गावांतून माणसे आली. सर्वांनी प्रसाद घेतला. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सुमारे दोन हजार माणसे आजारी पडली. दुसऱ्या एकादशीला बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला तसेच झाले. तिथे हरिनाम सप्ताह चालू होता. प्रसादाला भगर आणि आमटी होती. शेकडो माणसे दवाखान्यात गेली. आत जागा पुरेना. मग बाहेर झाडांना दोऱ्या बांधल्या आणि दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगल्या.

कोणी म्हणेल, “अहो, भगर तर रटरटा शिजवलेली असते. विस्तवावर समदं मरतं. मग बाधा काहून होते?”

प्रश्न बरोबर आहे. पुष्कळ जंतू विस्तवावर मरतात, हेही खरे. पण जंतू वेगळा आणि जंतूने करून ठेवलेले विष वेगळे. साप मारला तरी त्याने चावून अंगात सोडलेले विष अंगातच राहते ना? तसेच हे आहे.

आधी कोरड्या भगरीचे पाहू. भगर म्हणजे वरीचे टरफल काढलेले दाणे. टरफल हे दाण्याचे पांघरूण. पांघरूण गेले की दाणा उघडा पडतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. ओल लागली की बुरशी धरते. भाकरी चार दिवस फडक्यात राहिली की तिच्यावर हिरवे-काळे डाग येतात, तीच जात. यातल्या काही बुरशा विष तयार करतात. ते विष पोटात गेले की उलट्या आणि जुलाब होतात. कधी चक्कर येते, अंग थरथरते, डोळ्यांवर झापड येते. भगर धुतली तर वरची बुरशी जाईल, पण दाण्यात मुरलेले विष धुऊन जात नाही. शिजवूनही ते सगळे जात नाही.

आपले उपास कोणत्या दिवसांत येतात ते पहा. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, मग नवरात्र. सगळे पावसाळ्यात किंवा पावसाच्या पाठोपाठ. भगरीला ओल लागायचे दिवस तेच आणि ती खायचे दिवसही तेच. त्यात सगळे गाव एकाच दुकानातून, एकाच पोत्यातली भगर नेते आणि एकाच दिवशी खाते. म्हणून एक-दोन माणसे नव्हे, आळीच्या आळी आजारी पडते.

वसमतच्या माणसाला ओलीची गोष्ट सांगायला नको. हळद शिजवून उन्हात किती दिवस वाळवावी लागते, हे त्याला ठाऊक आहे. हळकुंड मोडून तो कानाने ऐकतो. खणकन वाजले तर वाळले. ओले राहिले तर बुरशी धरणार आणि बाजारात भाव पडणार. जी पारख आपण विकायच्या हळदीला लावतो, ती खायच्या भगरीला मात्र लावत नाही.

मुक्या जनावरांनाही हे विष सोडत नाही. 2024 च्या ऑक्टोबरच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले. त्यांनी शेतातला कोदो खाल्ला होता. कोदो हे वरीसारखेच बारीक धान्य. मेलेल्या हत्तींच्या पोटातले नमुने तपासले, त्यात बुरशीचे विष निघाले. शेंगदाण्याचेही असेच आहे. 1960 साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांना शेंगदाण्याची बुरसटलेली पेंड खाऊ घातली होती. शेंगदाण्यातले हे विष माणसाच्या काळजाखालच्या यकृताला हळूहळू पोखरते. म्हणून आमटीचे दाणेही निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा पाखडून बाजूला काढा. “कोंबड्यांना टाकू” असेही म्हणू नका.

आता भगर घ्यायची कशी? तुम्हाला आता वाचता येते. त्याचा इथे उपयोग करा. सुटी भगर घेण्यापेक्षा बंद पाकीट बरे. पाकीट उलटे करा. त्यावर भरल्याची तारीख असते, किती दिवसांत वापरावे तेही असते आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. आकडे बहुधा इंग्रजी असतात. पण ते नोटेवर आणि मोबाइलवर आपण रोज पाहतो. मुदत संपलेली दिसली तर पाकीट परत करा. दुकानदार म्हणेल, “ताई, काही होत नाही, सगळे नेतात.” नेऊ द्या सगळ्यांना. आपण नेऊ नये. सुटीच घ्यावी लागली तर मूठभर हातावर घेऊन उजेडात पहा आणि वास घ्या. कुबट वास आला, दाण्यांची ढेकळे झाली असली, रंग काळपट दिसला, तर ठेवून द्या.

भगरीचे तयार पीठ तर घेऊच नये. दाणा डोळ्याला दिसतो. पिठात चांगले-वाईट एक होऊन जाते, आणि पीठ ओलही लवकर धरते. भाकरी करायची तर भगर निवडा, लागेल तेवढीच दळा आणि लगेच संपवा. गेल्या उपासाचे उरलेले पीठ या उपासाला काढू नका. भगर घरी ठेवायची ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि थोडीच.

दुसरा धोका शिजवल्यानंतरचा. पंगत मोठी असली की भगर आदल्या रात्री किंवा पहाटे शिजवतात. पातेले झाकून ठेवतात. पंगत बसते दुपारी. मोठे पातेले लवकर निवत नाही, तासन्‌तास कोमट राहते. काही जंतू असे आहेत की ते बियाण्यासारखे कवच घेऊन उकळीतूनही जगतात. कोमट अन्न मिळाले की ते बियाणे उगवते, वाढते आणि विष टाकते. पुन्हा गरम केले तरी ते विष जात नाही. वाढणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असेल, तर त्यातले जंतूही हेच करतात. तेव्हा भगर पंगतीच्या वेळेलाच शिजवावी आणि वाफेची असतानाच वाढावी. फार तर दोन तास. पंगती चार व्हायच्या असतील तर चारदा शिजवावी. आचारी कुरकुर करील, सरपण जास्त लागेल. पण दवाखान्याच्या खर्चापुढे सरपणाचा खर्च तो काय?

आणि प्रसाद नाकारायचा कसा, हा प्रश्न उरतोच. माझे मत विचाराल तर, वास आला किंवा चव कडू लागली तर कपाळाला लावावा आणि बाजूला ठेवावा. देव रागावत नाही. शेजारच्यालाही हळूच सांगावे.

एवढे करूनही बाधा झालीच, तर घाबरू नका, पण वाटही पाहू नका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचा. मीठ याहून जास्त नको. हे पाणी घोट घोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजा. लहान मूल, गरोदर बाई आणि म्हातारे माणूस यांना आधी दवाखान्यात न्या. चक्कर, थरथर किंवा झापड असेल तर कोणालाच घरी ठेवू नका. झापड आलेल्याच्या तोंडात पाणीही ओतू नका. 108 नंबरला फोन केला की गाडी येते.

उरलेली भगर मात्र उकिरड्यावर टाकू नका. वाटीभर शिजवलेली आणि मूठभर कोरडी वेगवेगळ्या डब्यांत झाकून ठेवा. लेकराबाळांचा हात पोचणार नाही अशी ठेवा. तपासणीला येणारा माणूस तीच मागतो. पाकीट असेल तर तेही जपून ठेवा, आणि त्यावरची तारीख व क्रमांक आशाताईंना वाचून दाखवा.