चीनला गेलेले पाच डॉक्टर

डॉ. कोटणीस म्हटले की १९४६ चा व्ही. शांताराम यांचा चित्रपट आठवतो आणि सोलापूरचा एक तरुण एकटाच चीनला गेला होता, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गेले पाच जण आणि त्यांतले मराठी दोन.

बोलावणे कोणाचे?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष युद्ध लादले. चिनी फौजांकडे जखमींच्या मानाने डॉक्टर फारच थोडे होते. त्या वर्षाअखेर चिनी कम्युनिस्ट सेनानी चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या आवाहनावर लोकवर्गणी जमली, औषधे आणि रुग्णवाहिका घेतली गेली. देश स्वतःच पारतंत्र्यात असताना दुसऱ्याच्या मदतीला पथक पाठवण्याचा हा निर्णय होता. त्यामागे राजकारण नव्हते असे नाही, पण वर्गणी देणाऱ्यांना त्याच्याशी फारसे कर्तव्य नसावे.

पथकात कोण?

प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले होते, म्हणजे रणांगणाची ओळख त्यांना होती. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ. कोलकात्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजय बसू. द्वारकानाथ कोटणीस तेव्हा अठ्ठावीसचेही झाले नव्हते, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते.

भर पावसाळ्यात प्रस्थान

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने मुंबई सोडली. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला ही तारीख खटकेल, कारण पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरची बोट वाहतूक बंदच असे. पण 'राजपुताना' पी अँड ओ कंपनीच्या मोठ्या जहाजांपैकी होती. आपला किनारा डाव्या हाताला दूर ठेवून खोल समुद्रातून ही जहाजे दक्षिणेकडे जात. (हीच 'राजपुताना' १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली.)

पाऊल ठेवले तेव्हा

हाँगकाँगमार्गे पथक कँटनला पोहोचले. स्वागताला चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग होत्या. तिथून हँकौ. याच शहरात त्या मार्चमध्ये युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी संस्था उभी राहिली होती आणि हजारो मुलांना आतल्या प्रांतांतल्या बालगृहांत हलवणे चालू होते. आघाडीच मागे सरकत होती. ऑक्टोबरमध्ये कँटन पडले, चारच दिवसांत हँकौही. पाहुण्यांसाठी काम आखून ठेवलेले असते, ही आजच्या स्वयंसेवकाची कल्पना तिथे लागू नव्हती. रुग्णालये जागा बदलत होती आणि डॉक्टर त्यांच्यामागे.

हँकौनंतर चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. परत जाण्याचा सल्ला मिळूनही ते थांबले. १२ फेब्रुवारी १९३९ ला पथक कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला पोहोचले. मुंबई सोडून साडेपाच महिने होत आले होते. माझ्या मते या मोहिमेची खरी कसोटी शस्त्रक्रियांआधीच, या वाटेवर लागली.

पुढे कोणाचे काय?

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले, अटल त्यानंतर. कोटणीस आणि बसू राहिले. १९४१ मध्ये कोटणीस, चीनमध्येच जखमींची सेवा करताना वारलेले कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने ते गेले, वय ३२. बसू १९४३ मध्ये परतले आणि पुढे ॲक्युपंक्चर शिकून त्यांनी ते भारतात आणले.

कोटणीसांच्या नावाचे स्मारक सोलापुरात आहे. नागपूरच्या वाचकांनी डॉ. चोळकरांविषयी घरातल्या, ओळखीतल्या जुन्या माणसांना विचारावे. काही सापडले तर लिहून ठेवावे.