दिग्व्रताची सीमा आणि विमानाची वाट

श्रावकाच्या तीन गुणव्रतांपैकी दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना जाण्यायेण्याची आजन्म मर्यादा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात ही मर्यादा सांगताना समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने अशा खुणा दिल्या आहेत. बैलगाडी व गलबताच्या काळात त्या पुरेशा होत्या. आता अक्कलकोटच्या व्यापारी घरातील मुलगा न्यूयॉर्कला स्थायिक झाला, तर व्रत घेणाऱ्या आईवडिलांनी पश्चिमेची सीमा किती ठेवावी?

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे 12,540 किलोमीटर आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन, पृथ्वीचा गोल धरून ते काढले जाते. घरी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तरी तीच वाट दिसते. खलाशांच्या मर्केटर नकाशावर पट्टीने रेघ ओढून त्या वाटेने गेल्यास मात्र सुमारे 14,200 किलोमीटर भरतील. सपाट कागदावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर जवळची नसते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, सीमा मोजली जाते ती आपल्या गावापासून. अक्कलकोटहून न्यूयॉर्क सरळ अंतराने सुमारे 12,850 किलोमीटर आहे. मुंबईचा आकडा पाहून 12,600 ची मर्यादा घेणाऱ्याचे व्रत मुलाच्या दारी पोहोचण्यापूर्वीच मोडेल.

दुसरी गोष्ट दिशेची. न्यूयॉर्क पश्चिमेला असले तरी मुंबईहून निघणारी सर्वांत जवळची वाट प्रथम उत्तरेकडे, थोडी पश्चिमेला झुकून जाते आणि सुमारे 65 उत्तर अक्षांशापर्यंत चढते. म्हणजे उत्तरेची सीमाही पाच हजार किलोमीटरांहून अधिक असावी लागते. वारा आणि बंद हवाई हद्दी यांमुळे विमाने प्रत्यक्षात ही वाट सोडूनही जातात. म्हणून सर्वच दिशांना थोडी सवड हवी. विमान दहा-बारा किलोमीटर उंच उडते, तेव्हा ऊर्ध्व दिशेची नोंदही विसरू नये.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वरची, खालची व तिरपी मर्यादा ओलांडणे हे पहिले तीन. ठरवलेले क्षेत्र मागाहून वाढविणे, म्हणजे क्षेत्रवृद्धि, हा चौथा. आणि मर्यादेचे विस्मरण हा पाचवा. तिकीट हाती आल्यावर सीमा वाढवू लागलो, तर लोभाला आवर घालण्याचा व्रताचा हेतूच उरत नाही.

त्यामुळे व्रत घेण्यापूर्वीच घरातील मंडळींनी गोलावर अंतर मोजावे, गुरुमहाराजांचा सल्ला घ्यावा आणि गावाचे नाव, प्रत्येक दिशेचे किलोमीटर व व्रताची तिथी वहीत लिहून ठेवावी. दुकानाच्या जमाखर्चाला जी काटेकोर शिस्त आपण लावतो, तीच येथेही लावावी.