मॅगी मोलोनीचे चार ट्राय
(लेखमाला : खेळांची दप्तरं, लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलातली १८९५ सालची बैठक पाहिली. खेळापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, या मागणीवरून उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले आणि त्यातून पुढे तेरा गड्यांची रग्बी लीग घडली. त्या बैठकीची तारीख आणि हजर क्लबांची नावं आजही सांगता येतात. याच खेळात बायका कधी उतरल्या, असं विचारलं की दप्तरं गप्प होतात.

१७ सप्टेंबर १९२१. सिडनीच्या ॲग्रिकल्चरल ग्राउंडवर मेट्रोपॉलिटन आणि सिडनी हे महिलांचे दोन संघ समोरासमोर आले. प्रेक्षक वीस हजारांच्या घरात. मॅगी मोलोनी या खेळाडूने चार ट्राय केले. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना चुकवत चार वेळा त्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला. त्या काळी एका ट्रायला तीन गुण मिळत, तेव्हा बारा गुण तिचे एकटीचे! एवढी गर्दी खेचूनही अधिकृत संघटना या मुलींच्या पाठीशी उभी राहिली नाही. महिलांचा खेळ लवकरच थंडावला आणि तो दिवस लोक विसरून गेले.

तो इतका साफ का विसरला गेला? गुणतक्ते, खेळाडूंची नोंदणी, सभांची इतिवृत्तं हे सगळं संघटनेच्या कपाटात साठत जातं. संघटनेने जो सामना आपला मानलाच नाही, त्याचा कागद फायलीला लावणार कोण? उरली ती वर्तमानपत्रं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’वर जुने अंक सर्वांना खुले केले, म्हणून १९२१चा शोध आज घरबसल्या घेता येतो. तरी तो सोपा नाही. आडनाव कुठे ‘मोलोनी’ छापलंय, तर कुठे ‘मलोनी’. लग्नानंतर आडनाव बदललं की माग तिथेच तुटतो. माहेरचं नाव मागे पडलं की बाई कागदावर सापडेनाशी होते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमधली गोष्ट पुष्कळ अलीकडची आहे. तिथे महिलांची हौशी संघटना १९८५ साली उभी राहिली. १९९६ साली ग्रेट ब्रिटनचा महिला संघ ऑस्ट्रेलियाला गेला. खेळाडूंनी पैसे स्वतःच उभे केले होते. कसोटी मालिका त्यांनी २-१ अशी जिंकली. परदेशात जाऊन ऑस्ट्रेलियाला हरवणाऱ्या संघाचं नाव खरं तर शाळकरी मुलांनाही पाठ असायला हवं होतं. पण या दौऱ्याचा ऐवज राहिला खेळाडूंच्या घरी, कात्रणांत, जर्सींत आणि आठवणींत. १९८०च्या दशकात पुरुषांच्या सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिलेल्या ज्युलिया ली यांनी पुढे या ‘लायनेसेस’च्या, म्हणजे ब्रिटनच्या महिला खेळाडूंच्या, आठवणी जमवायचं काम हाती घेतलं, त्यातून प्रदर्शनही उभं केलं.

अशा कामात सर्वांत मोलाचा क्षण बहुधा संघाचा फोटो टेबलावर ठेवल्यावर येतो. मागच्या बाजूला नावं नसतात. मग डावीकडून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत विचारायचं: ही कोण, कुठल्या गावची, तेव्हा काय काम करायची? दोघींच्या उत्तरांत फरक पडला, तर तिसरीला विचारायचं. हे वेळखाऊ आहे, पण याला दुसरा रस्ता नाही. एकेक नाव पक्कं का हवं, ते पाहा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय महिला संघातल्या ‘जिलारूज’ पहिली कसोटी १९९५ साली खेळल्या. त्यांच्या प्रत्येक खेळाडूला आज पदार्पणाच्या क्रमाने कायमचा क्रमांक असतो. पहिल्याच यादीतलं एक नाव सुटलं, तर पुढचे सगळे क्रमांक चुकतात.

ब्रिटनचं रग्बी लीग हॉल ऑफ फेम १९८८ साली सुरू झालं. त्यात पहिल्या स्त्रिया आल्या २०२२ साली: ब्रेंडा डोबेक, सॅली मिलबर्न आणि लिसा मॅकिंटॉश. ऑस्ट्रेलियाने आपल्या पहिल्या सहा जणींना २०२४ साली हा मान दिला. या सन्मानांचा मला मनापासून आनंद आहे. पण १९८५च्या पिढीतल्या कितीतरी जणी आता साठी-सत्तरीत असतील. त्यांच्या मुलाखती आधी रेकॉर्ड व्हायला हव्यात, आणि त्याही वयाने सर्वांत मोठ्या असलेल्यांपासून सुरुवात करून. समारंभ पुढच्या वर्षी झाले तरी चालतील.

(पुढील लेखांकात : महिलांचा पहिला विश्वचषक, इंग्लंड, २०००)